दीडशे ग्रॅमचा शिक्रा, चार किलोची घोरपड आणि दोघांचा सारखाच खर्च

आंब्याच्या पानांआड बसलेला शिक्रा हा लहानसा शिकारी पक्षी आणि खालच्या बांधावर, दगडांच्या सापटीत राहणारी घोरपड. महाराष्ट्रात जुनी झाडं आणि दगडी बांध शिल्लक असलेल्या कुठल्याही शिवारात ही जोडी एकमेकांच्या शेजारी नांदत असते. दोघंही मांसाहारी. सरडे, उंदीर, बेडूक, मोठे किडे, पाखरांची पिल्लं असा दोघांचा आहारही बराचसा सारखा. आकारात मात्र कुठेच मेळ नाही. शिक्रा कबुतराहूनही लहान असतो, वजन दीडशे-दोनशे ग्रॅमच्या आसपास. पूर्ण वाढलेली मोठी घोरपड शेपटीसकट चार-पाच फूट लांब आणि सहज चार किलोची.

आता सांगा, दोघांत रोज जास्त अन्न कोणाला लागत असेल?

कोणीही घोरपडीचं नाव घेईल. एवढं मोठं धूड, पोटही तेवढंच मोठं असणार. पण हिशेब मांडला की गंमत होते. दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमच्या पक्ष्याला मोकळ्या रानात दिवसाला सुमारे ३०० ते ३५० किलोज्यूल ऊर्जा लागते, आणि चार-साडेचार किलोच्या सरपटणाऱ्या प्राण्यालाही जवळपास तेवढीच. वजनात पंचवीस पट फरक, पण रोजचा खर्च एकच. आपल्या भाषेत सांगायचं तर दोघांचंही दिवसभराचं भागतं ते तेल न लावलेल्या एका पोळीच्या ऊर्जेवर.

हे आकडे आले कुठून? अमेरिकेतले शरीरशास्त्रज्ञ केनेथ नागी यांनी १९९९ साली सस्तन प्राणी, पक्षी आणि सरपटणारे प्राणी अशा दोनशेहून अधिक जातींवरची मोजमापं एकत्र केली आणि वजनावरून रोजच्या ऊर्जाखर्चाचा अंदाज देणारी सूत्रं बसवली. वरचे आकडे मी त्याच सूत्रांत वजनं घालून काढले आहेत. तेव्हा ते सरासरीचे समजा. अमुक एका शिक्र्याला किंवा घोरपडीला ते तंतोतंत लागू पडतील असं नाही. घोरपडीचा आकडा ती हिंडती-फिरती असतानाच्या दिवसांचा आहे. थंडीत बिळात पडून असते तेव्हा तो आणखी खाली येतो.

ही मोजमापं कशी करतात ते सांगायलाच हवं, कारण युक्ती फार सुरेख आहे. प्राण्याला पिंजऱ्यात ठेवून त्याचा श्वास मोजता येतो, पण पिंजऱ्यातला प्राणी शिकार करत नाही, पळत नाही, घाबरत नाही. त्याचा खर्च रानातल्या खर्चाशी जुळणार कसा? म्हणून शास्त्रज्ञ प्राणी पकडतात, त्याला थोडं खास पाणी टोचतात आणि सोडून देतात. या पाण्यातला हायड्रोजन जड जातीचा असतो आणि ऑक्सिजनही. दोन्ही निरुपद्रवी, फक्त यंत्रात ओळखू येणारे. काही दिवसांनी तोच प्राणी परत पकडून रक्ताचा थेंब तपासतात. जड हायड्रोजन शरीराबाहेर जातो तो फक्त पाण्यावाटे. जड ऑक्सिजन पाण्यावाटेही जातो आणि उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवाटेही. म्हणजे ऑक्सिजन हायड्रोजनपेक्षा जितका जास्त घटला, तितका कार्बन डायऑक्साइड त्या दिवसांत बाहेर पडला. आणि कार्बन डायऑक्साइड कळला की शरीराने किती इंधन जाळलं तेही कळलं. प्राणी आपल्या मनासारखा हिंडला, आणि हिशेब मात्र त्याच्या रक्तातच लिहून राहिला.

एकाच वजनाचा पक्षी आणि सरडा घेऊन या सूत्रांत तुलना केली, तर पाव किलोच्या पक्ष्याला दिवसाला साधारण ४५० किलोज्यूल लागतात आणि पाव किलोच्या सरड्याला २७. सतरा पट फरक. शिक्रा उडतो म्हणून हा फरक पडतो असं वाटेल, पण न उडणाऱ्या सस्तन प्राण्यांचा खर्चही सरड्यांच्या दहा-बारा पट निघतो. म्हणजे खर्चाचं खरं कारण आणखी खोलात आहे.

ते पेशींत आहे. प्रत्येक पेशीभोवती पातळ पटल असतं. पोटॅशियम आत ठेवायचं आणि सोडियम बाहेर, हे काम त्या पटलातले पंप अखंड करत असतात. पक्ष्यांची आणि सस्तन प्राण्यांची पटलं सरड्यांच्या मानाने गळकी असतात. सोडियम आत झिरपत राहतं, पंप ते बाहेर टाकत राहतात, आणि या उपसाउपशीत ऊर्जा जळून उष्णता निघते. पेशीतल्या तंतुकणिका, म्हणजे इंधन जाळणारी केंद्रं, पक्ष्यांत जास्त असतात आणि त्यांची पटलंही अशीच गळकी. ऐकायला हा सगळा तोटाच वाटतो. पण यातून जी ऊब मिळते तिच्यावरच शिक्र्याचं शरीर रात्रंदिवस ४० अंशांच्या आसपास राहतं. तो झोपलेला असला तरी भट्टी चालूच. शिवाय अंग जितकं लहान, तितकी वजनाच्या मानाने कातडी जास्त आणि उष्णता तितकी भराभर निसटणार. पिसं ती गळती कमी करतात, थांबवू शकत नाहीत.

म्हणून शिक्र्याचं हातावर पोट असतं. साडेतीनशे किलोज्यूलच्या आतबाहेर ऊर्जा मिळवायला त्याला माझ्या हिशेबाने दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम मांस पोटात घालावं लागतं, म्हणजे स्वतःच्या वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. दोन बऱ्यापैकी सरडे, किंवा एखादा उंदीर आणि वर थोडे नाकतोडे. आज मिळालं नाही तर उद्या मिळायलाच हवं. लागोपाठ पावसाची झड लागली आणि शिकार हाताला लागली नाही, तर एवढासा पक्षी फार दिवस तग धरत नाही. तेवढंच मांस खाऊन घोरपडीचंही दिवसाचं भागतं, पण तिच्या लेखी ते वजनाच्या दीड टक्का. तिला ते रोज मिळण्याचीही गरज नाही. एकदा घसघशीत खाल्लं की ती काही दिवस निवांत, आणि वेळ आलीच तर आठवडे काढू शकते.

घोरपडीच्या अंगात भट्टी नाही, तिची भट्टी आकाशात आहे. सकाळी ती बिळातून बाहेर येते तेव्हा अंग गार असतं, हालचाल जड. शरीरातल्या रासायनिक क्रियांचा वेग तापमानावर ठरतो. दहा अंश कमी झाले की तो साधारण निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतो. म्हणून आधी ऊन. ती दगडावर पसरते, बरगड्या फाकवून अंग चपटं करते म्हणजे उन्हाला जास्त कातडी मिळते, आणि उन्हाकडे पाठ करून पडून राहते. अंग पस्तीस अंशांच्या आसपास आलं की चालू लागते. ऊन फार झालं की सावलीत, सावलीत गारवा वाटला की परत उन्हात, असं दिवसभर चालतं. शाळेत शीतरक्ती म्हणून शिकलेली घोरपड भर दुपारी हात लावला तर तुमच्या-आमच्याएवढीच गरम लागेल. फरक इतकाच की त्या ऊबेसाठी तिला एक बेडूकही जास्त मारावा लागलेला नसतो.

ऊन तिला पळण्यापुरतंच लागतं असंही नाही. पचनालाही लागतं. ती भक्ष्य बहुतेक वेळा सबंध गिळते, आणि अंग गार राहिलं तर पोटातलं पचण्याऐवजी सडू शकतं. पोट भरलं की ती पुन्हा उन्हाला येऊन पडते. आपण ते पाहतो आणि तिला सुस्त म्हणतो.

शिक्र्याला या महागड्या ऊबेचं मिळतं काय, तर वेळ. पहाटे गारठ्यात सरडे अजून ताठरलेले असतात तेव्हाही शिक्र्याचे स्नायू चाळीस अंशांवर तयार असतात. त्याची शिकार पाहायची तर धीर हवा, कारण बराच वेळ काहीच घडत नाही. तो उघड्या फांदीवर ऐटीत बसत नाही, पानांच्या दाटीत बुंध्याजवळ बसतो. मान वळते, लालसर डोळे खाली कुठे तरी खिळतात. मग तो फांदीवरून जणू पडतो, जमिनीलगत येतो, आखूड गोल पंखांचे चार-पाच झपाटे आणि मग सरळ तरंगत, लांब शेपटीने वळण घेत झाडांमधून निघून जातो. पुढच्या बुंध्यावर सरडा असतो. तो नखांत आला की खेळ संपतो. ससाणे चोचीने मानेवर घाव घालतात, शिक्रा आणि त्याचे भाऊबंद पंजाने आवळून मारतात. मग फांदीवर नेऊन तुकडे करून खाणं. केस, पिसं, न पचणारा चोथा नंतर गोळ्या करून तोंडावाटे टाकून देणं.

त्याची जरब किती आहे हे पाहायचं तर पावशाकडे पाहा. 'पेरते व्हा' असं ओरडून ज्येष्ठात जीव नकोसा करणारा हा कोकिळेच्या कुळातला पक्षी रंगाने, पट्ट्यांनी, उडण्याच्या ढबीनेही हुबेहूब शिक्र्यासारखा. तो फांदीवर येऊन बसला की सातभाई घाबरून कलकलाट करतात. आणि पावशा आपली अंडी घालतो ती याच सातभाईंच्या घरट्यात. शिक्र्याच्या दहशतीवर दुसराच पक्षी आपला संसार चालवतो, म्हणजे बघा.

घोरपडीची पद्धत अगदी उलटी. ती दबा धरून बसत नाही, शोधत हिंडते. चालताना दुभंगलेली लांब जीभ सारखी आत-बाहेर होत असते. हवेतले आणि जमिनीवरचे गंधकण जिभेच्या दोन टोकांवर चिकटतात आणि तोंडाच्या छतातल्या एका खास गंधेंद्रियापर्यंत पोचतात. टोकं दोन असल्यामुळे वास डावीकडे जास्त की उजवीकडे हेही कळतं. असं वास काढत काढत ती पाचोळा उकरते, शेणाचा पो उलथते, त्याखालचे भुंगे आणि अळ्या वेचते, वारुळ फोडते, बेडकाच्या मागे पाण्यात शिरते, होल्यांच्या घरट्यापर्यंत झाडावर चढते. मोठ्या घोरपडीच्या आहारातही किड्यांचा वाटा केवढा मोठा असतो हे कळल्यावर तिला लहानसा मगरमच्छ समजणाऱ्यांची निराशा होते.

आता इथे एक अडचण उभी राहते. दिवसभर चालायचं, उकरायचं, चढायचं तर दम हवा. आणि सरड्यांना दम नसतो. अंगणातला सरडा पाहा. सुसाट पळतो, गपकन थांबतो, परत पळतो, परत थांबतो. ही नुसती खोड नाही. सरडा पळताना त्याचं अंग डावीकडे-उजवीकडे लचकतं, आणि ते लचकवणारे बरगड्यांमधले स्नायू तेच, जे श्वास घेण्यासाठी वापरायचे असतात. एका वेळी एकच काम होतं. पळायचं तर श्वास तोकडा पडतो. अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड कॅरिअर यांनी १९८७ साली ही गोष्ट नीट मांडली, म्हणून तिला त्यांच्या नावाने ओळखतात.

घोरपडीच्या कुळाने या अडचणीतून वाट काढली, आणि ती पाहायला भिंगही लागत नाही. घोरपड चालत असताना तिचा गळा पाहा. तो फुगतो, बसतो, फुगतो, बसतो. ती गळ्यात हवा भरून घेते आणि ती दाबून फुप्फुसात ढकलते, बरगड्यांची वाट न पाहता. १९९९ साली आफ्रिकेतल्या सव्हाना जातीच्या घोरपडींना चालत्या पट्ट्यावर चालवून, क्ष-किरणांनी त्यांचं चित्रण करून हे सिद्ध झालं. त्यांचा गळ्याचा पंप चालू नये अशी तजवीज केली तेव्हा वेगाने चालताना त्यांना मिळणारा ऑक्सिजन कमी पडू लागला. साध्या सरड्याचं तेच दुखणं परत आलं.

याहून मोठा धक्का पुढे होता. आपल्या फुप्फुसात हवा ज्या वाटेने आत जाते त्याच वाटेने बाहेर येते. त्यामुळे प्रत्येक वेळी थोडी शिळी हवा आत उरते आणि ताजी तिच्यात मिसळते. पक्ष्यांचं तसं नाही. शिक्र्याच्या अंगात फुप्फुसांना जोडलेल्या पातळ हवेच्या पिशव्या असतात, काही पुढे, काही मागे. श्वास आत घेतला की ताजी हवा बहुतांशी मागच्या पिशव्यांत जाते. श्वास सोडताना ती फुप्फुसातून पुढे सरकते. पुढच्या श्वासाला पुढच्या पिशव्यांत, आणि त्यानंतरच्या उच्छ्वासाला बाहेर. हवेच्या एका घोटाला आत येऊन बाहेर जायला दोन श्वास लागतात, पण फुप्फुसातून ती वाहते एकाच दिशेने, आत घेताना आणि सोडतानाही. ताज्या-शिळ्याची सरमिसळ नाही. उडण्याचा प्रचंड खर्च भागवण्यासाठी निसर्गाने पक्ष्यांना दिलेली ही खास सोय, असं वर्षानुवर्षं सांगितलं जात होतं.

२०१० मध्ये अमेरिकी मगरींच्या, म्हणजे अॅलिगेटरच्या, फुप्फुसातही हवा एकाच दिशेने वाहते हे कॉलीन फार्मर आणि केंट सँडर्स यांनी दाखवलं. मगर उडत नाही. तरी मगर आणि पक्षी जवळचे नातलग, तेव्हा ते एक वेळ पचलं. पण २०१४ साली एमा शाख्नर, फार्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सव्हाना घोरपडीच्या फुप्फुसात डोकावून पाहिलं. तिच्या फुप्फुसात कप्प्यांना लागून कप्पे आहेत आणि त्यांच्या भिंतींना बारीक भोकं. या कप्प्यांमधून हवा शेपटीकडून डोक्याकडे वाहत होती. श्वास घेतानाही त्याच दिशेने, सोडतानाही त्याच दिशेने. झडप नाही, पडदा नाही, केवळ नळ्यांच्या कोनांमुळे आणि वळणांमुळे प्रवाहाला दिशा मिळत होती.

याचा अर्थ दोनांपैकी एक. एक तर ही व्यवस्था घोरपडीच्या कुळात वेगळी, स्वतंत्रपणे घडली. किंवा ती इतकी जुनी आहे की सरडे आणि पक्षी यांच्या समान पूर्वजातच तिची सुरुवात झाली असावी, म्हणजे सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वी, डायनासोरही जन्माला आले नव्हते तेव्हा. वाद मिटलेला नाही. मला दुसरी शक्यता जास्त आवडते, पण आवडणं हा काही पुरावा नव्हे. उडणं नंतर आलं आणि फुप्फुस आधीच तयार होतं, असं मानलं तर उडण्यासाठी फुप्फुस घडलं ही पाठ्यपुस्तकी मांडणी उलटी करावी लागते.

हृदयाचंही थोडं तसंच. शिक्र्याचं हृदय चार कप्प्यांचं, घोरपडीचं तीन. पण घोरपडीच्या जवनिकेत, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यात, एक जाड स्नायूची कड असते. हृदय आकुंचन पावताना ती कड भिंतीला भिडते, आणि तेवढ्यापुरते खालचे दोन भाग होतात. त्यामुळे फुप्फुसांकडे कमी दाबाने आणि बाकी अंगाकडे जास्त दाबाने रक्त पाठवणं तिला जमतं, जे बहुतेक सरड्यांना जमत नाही.

म्हणून घोरपड म्हणजे मागे राहून गेलेला प्राणी आणि शिक्रा म्हणजे पुढे गेलेला, ही सवयीची मांडणी मला पटत नाही. दोघांच्या वाटा २५ ते २८ कोटी वर्षांपूर्वी फुटल्या, तेव्हापासून दोघंही सारखाच काळ बदलत आले आहेत. नातं लावायचंच तर शिक्र्याला घोरपडीपेक्षा मगर जवळची, आणि घोरपडीला शिक्र्यापेक्षा नाग-धामण जवळचे. उरलेल्या जुन्या खुणांपैकी एक झाडाखाली सापडते: दोघांच्या विष्ठेत पांढरा भाग असतो. तो युरिक आम्ल. पाणी वाचवून शरीरातला नको असलेला नायट्रोजन बाहेर टाकण्याची ती दोघांची एकच रीत.

ताकदीबद्दलही एक गैरसमज काढून टाकू. ऊन खाऊन गरम झालेल्या घोरपडीचा स्नायू क्षणभराच्या जोराला पक्ष्याच्या किंवा सस्तन प्राण्याच्या स्नायूपेक्षा कमी पडतो असं नाही. कमी पडते ती चिकाटी, तो जोर मिनिटामागून मिनिट टिकवण्याची क्षमता. कपारीत शिरलेली घोरपड अंग फुगवून, नखं रोवून बसली की तिला ओढून काढणं जिकिरीचं होतं ते याच जोरामुळे. सिंहगडावर तानाजीच्या मावळ्यांनी यशवंती घोरपडीला दोर बांधून कडा चढल्याची कथा बहुधा याच चिवटपणावर पोसली गेली. इतिहासकार ती मानत नाहीत, आणि चार-पाच किलोचा प्राणी माणसाचं वजन पेलून धरील हे शरीरशास्त्रालाही मान्य होणार नाही. पोवाड्यात ती छान वाटते.

पिल्लांच्या बाबतीत दोघांच्या रीती आणखी लांब जातात. शिक्र्याची जोडी मार्च ते जूनच्या काळात आंबा, शिसव अशा झाडावर काटक्यांचं घरटं बांधते, तीन-चार अंडी. नर शिकार आणून देतो, नराहून मोठी मादी अंड्यांवर बसते. उब अंगातूनच द्यायची असल्यामुळे एकालाही फार वेळ दूर जाता येत नाही. घोरपडीची मादी मातीत किंवा वारुळात खड्डा करून वीसेक अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. ऊब जमीन देते. अंडी फुटायला पाच-सहा महिने, कधी आठही लागतात. अंड्यातून आलेलं पिल्लू पहिल्या दिवसापासून आपलं आपण.

या फरकाचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. पक्ष्याने खाल्लेल्या अन्नातली ऊर्जा बहुतेक सगळी ऊबेत आणि धावपळीत जाते. त्यातली एक-दोन टक्केच नवं मांस, नवी अंडी बनवण्यात येते. सरपटणाऱ्या प्राण्यांत हे प्रमाण त्याच्या कितीतरी पट असतं. त्यामुळे अन्न कमी आणि बेभरवशाचं असेल अशा माळरानात, आठ महिने वाळलेल्या डोंगरउतारावर, घोरपड टिकते आणि तिच्याच आकाराचा मांसाहारी सस्तन प्राणी अवघडून जातो. इंडोनेशियातल्या काही लहान, कोरड्या बेटांवर तर वाघ-बिबट्यांची जागाच कोमोडो नावाच्या दांडग्या घोरपडीने घेतली आहे.

मग ही दोघं समोरासमोर आली तर? हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. उत्तर वयावर अवलंबून आहे. अंड्यातून नुकतं निघालेलं घोरपडीचं पिल्लू शिक्र्याला सरड्याहून वेगळं वाटायचं काही कारण नाही, आणि ही पिल्लं बराचसा वेळ झाडांवर लपून काढतात त्यात अशा शिकाऱ्यांची भीती असणारच. मोठ्या घोरपडीच्या वाटेला शिक्रा जाणार नाही. पण ती झाडावर चढली आणि घरटं सापडलं तर अंडी काय, पिल्लं काय, गिळून मोकळी होईल. तेव्हा शिक्र्याची जोडी तिच्यावर झेपा घालून आरडाओरडा करते, तेवढंच त्या जोडीच्या हातात असतं.

माणसाने मात्र दोघांपैकी घोरपडीला जास्त छळलं आहे. मांसासाठी, सांधेदुखीवरच्या तेलासाठी, कातड्यासाठी. वाघ्या-मुरळीच्या दिमडीला आणि गोव्यातल्या घुमट या वाद्याला पूर्वी घोरपडीचंच कातडं चढवत. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याच्या वारशाचं वाद्य ठरवलं तेव्हा ते बकरीच्या कातड्याचं झालेलं होतं, आणि आवाजावरून कुरकुर करणारे जुने वादक असले तरी हा बदल योग्यच आहे. 'हाथाजोडी' नावाची जी मुळी भरभराटीसाठी देवघरात ठेवायला विकली जाते ती कुठल्या झाडाची नसून घोरपडीच्या नराचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं, हे २०१७ मध्ये उघडकीला आलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत बसवलं आहे. शिक्राही त्याच अनुसूचीत. मारणं, पकडणं, पाळणं, विकणं, सगळंच गुन्हा.

घोरपडीच्या पिल्लाला विषारी समजून ठेचतात, तेही व्यर्थ. घोरपडीच्या जबड्यात विषसदृश स्राव करणाऱ्या ग्रंथी असल्याचं २००६ साली ब्रायन फ्राय यांच्या गटाने मांडलं आणि त्यांच्या उपयोगाबद्दल शास्त्रज्ञांत अजून मतभेद आहेत. पण नाग-मण्यारीसारखी ती माणसाला मारत नाही. चावली तर जखम खोल होते, ती धुवून डॉक्टरांना दाखवावी, बस्स.

ती घरात शिरली किंवा जखमी शिक्रा अंगणात पडलेला दिसला, तर महाराष्ट्र वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. मदत येईपर्यंत शिक्र्याला हवेशीर खोक्यात, अंधारात, शांत ठेवायचं. पाणी-दूध चोचीत ओतायचं नाही, पण उशीरही होऊ द्यायचा नाही, कारण त्याची भट्टी खोक्यातही जळतच असते आणि साठा एखाद्या दिवसाचाच. घोरपडीला खायला देण्याची घाई मुळीच नको. गार अंगाने तिला ते पचणार नाही, आणि काही दिवस उपाशी राहिल्याने तिचं बिघडत नाही. बाहेर जायची वाट मोकळी ठेवली आणि कुत्री बांधली, तर ऊन चढल्यावर ती बहुधा आपणहूनच निघून जाते.